‘सेट असाइड’ म्हणजे नेमके काय?

पगारातले काही पैसे मुलांच्या फीसाठी ‘सेट असाइड’ केले, तर ते राखून ठेवलेले असतात. उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला, तर तो रद्द झालेला असतो. ‘बाजूला ठेवणे’ एवढा एकच अर्थ पाठ केलेल्या माणसाची इथे फसगत होते.

निकालाची इंग्रजी प्रत वाचून त्याला वाटते, आपल्या बाजूचा आदेश तूर्त बाजूला ठेवला आहे, पुढे केव्हातरी तो पुन्हा निघेल. तसे नसते. आदेश तात्पुरता थांबवायचा असेल तर न्यायालय ‘स्टे’, म्हणजे स्थगिती देते. ‘सेट असाइड’ म्हणजे रद्दबातल. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी हेच शब्द आहेत. १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ मध्येही लवादाचा निवाडा रद्द करून घेण्यासाठी तेच शब्द आहेत. अर्थ समजेपर्यंत अपिलाची मुदत उलटली, तर नुकसान पक्षकाराचेच.

शेतीत या शब्दांना आणखी वेगळा अर्थ मिळाला. धान्याचे अतिरिक्त उत्पादन रोखण्यासाठी युरोपीय समुदायाने १९८८ मध्ये एक योजना आणली. जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देणाऱ्या त्या योजनेचे नावच ‘सेट-असाइड’ होते.

क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्यांना सर्वांत अवघड जाते, असे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. तरीही आपल्याकडे अशी क्रियापदे परीक्षेपुरती, यादी करून घोकली जातात. ‘पैसे देऊन बसला’ यातला पश्चात्ताप मराठी मुलाला कोणत्याही यादीने शिकवलेला नसतो. ऐकलेल्या वाक्यांतून तो कळतो. इंग्रजीलाही तीच वाट हवी.

शिक्षकांनी अर्थ सांगण्याआधी मुलांना विचारावे: काय ‘सेट असाइड’ केले? पैसे, मतभेद, जमीन की आदेश? उत्तरावरून अर्थ मुलेच सांगतील.

आणि वकिलांनी निकालाची प्रत हातात देताना अशिलाला मराठीत स्पष्ट सांगावे: आदेश रद्द झाला, स्थगित झाला, की प्रकरण फेरसुनावणीसाठी परत गेले. तेवढे समजून घेण्याचा अशिलाला पूर्ण हक्क आहे.