नत्र मोजलं कुणी?

माझ्या मृद आरोग्य पत्रिकेत नत्रापुढे लिहिलंय 'कमी'. शेजाऱ्याच्या पत्रिकेतही 'कमी'. त्याची जमीन चोपण, माझी मध्यम काळी. तो उसावर ऊस घेतो आणि युरिया फेकतो, माझ्या रानात मागची दोन वर्षं हरभरा होता. तरी दोघांना एकच रोग! 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत बागायतात अडीच हेक्टरांमागे एक नमुना, जिरायतात दहा हेक्टरांमागे एक. माती कुणाच्या बांधावरून उचलली, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक.

बरं, मोजलं तरी काय? आपल्याकडची रूढ पद्धत सुब्बय्या आणि असिजा यांची, 1956ची. अल्कधर्मी परमँगनेटमध्ये माती उकळायची, निघालेला अमोनिया मोजायचा, आकडा हेक्टरी 280 किलोच्या खाली आला की 'कमी'. या आकड्यात नायट्रेट धरलेलंच नसतं. कोरडवाहू पीक मुख्यतः जे खातं, नेमकं तेच हिशेबाबाहेर! पुष्कळ ठिकाणी तर उकळायचेही कष्ट नाहीत. सेंद्रिय कर्ब काढतात आणि त्यावरून नत्राचा अंदाज ठोकतात. कणगीचा घेर बघून आज घरात भाकरी किती भाजल्या ते सांगण्यातला हा प्रकार.

नत्र एका जागी बसत नाही हो. जिवाणू सेंद्रिय नत्राचं अमोनियम करतात, त्याचं पुढे नायट्रेट होतं. पाटाचं पाणी जास्त झालं की ते मुळांखाली उतरून विहिरीच्या वाटेला लागतं. वाफसा मोडून पाणी साचलं की त्यातलं काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. आठवड्यात पालटणाऱ्या या व्यवहाराचा आकडा आम्हाला मिळतो तो दोन-तीन वर्षांतून एकदा.

एकदा एकाच घमेल्यातली माती कालवून दोन पिशव्या भरल्या आणि दोन प्रयोगशाळांत दिल्या. एकीचं उत्तर 'कमी', दुसरीचं 'मध्यम'. विचारायला गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, नत्राचं असंच असतं." पठ्ठ्या खरं बोलला.

पण मोजायची गरज आहे कुणाला? 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, तिच्यात वीस किलोंवर नत्र. इतक्या स्वस्त मालाचा हिशेब कोण ठेवतो?

पुढची पत्रिका हातात पडली की सही करण्याआधी एवढंच विचारा: साहेब, नत्र मोजलंत की कर्बावरून काढलंत?