माफी कुणाला? मुक्ती कशापासून?



कापसाचा भाव मागायला जमलो, तिथे कविता-गाणी कशाला, असे म्हणणारे आपल्याही बैठकीत आहेत. पण भाव मागायचा तो शब्दांनीच ना?

'कर्जमाफी' हाच शब्द घ्या. माफी गुन्हेगाराला असते. मालाचे भाव पाडून ज्याला कर्जात लोटले, त्याचा गुन्हा कोणता? म्हणून आंदोलनाने 'कर्जमुक्ती' म्हणायला सुरुवात केली. घोषणांतून, गाण्यांतून तो शब्द इतका रुळला की २०१९ साली सरकारनेच 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' काढली. शब्द आपला घेतला, नाव फुल्यांचे घेतले आणि आत दोन लाखांची मर्यादा घातली! 'बळीराजा'चेही तेच. आयाबायांच्या तोंडचा बळी फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभा केला. २०१५ साली यवतमाळ-उस्मानाबादेत आत्महत्या रोखायला सरकारी अभियान निघाले, त्याचे नाव 'बळीराजा चेतना'. राजाला चेतना द्यायची, भाव तेवढा द्यायचा नाही.

आपला शब्द असा पळवला जातो, तेव्हा नवा घडवावा लागतो, आणि तो विद्वानांच्या बैठकीत घडत नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. मराठीतला एवढा मोठा नाटककार, पण कामाठीपुऱ्याची मराठी त्याला परकी! पुढच्याच वर्षी तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत काळ्या पोरांनी हिप-हॉप सुरू केले. वाद्ये घ्यायला पैसा नसला तरी चालते, तबकडीच्या ठेक्यावर बोलत सुटायचे. तेच रॅप आता आपल्या पोरांच्या मोबाईलवर आहे.

त्यातले बरेचसे 'मी किती भारी' एवढेच सांगते, ते सोडून द्या. पण 'खोका' बघा. मुंबईच्या गुन्हेगारांचा हा शब्द, अर्थ एक कोटी. २०२२ च्या सत्तांतरानंतर तो घोषणेत आला आणि पारापर्यंत पोचला. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे या तरुणाने खोक्यांवर रॅप म्हटले, तर त्याच्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कापूस आयातीवर निवेदने देऊन आपण थकलो, त्यांची दखल तरी कुणी घेतली? गाण्याची मात्र लगेच घेतली.

आपल्याकडे शब्दांचा काय तोटा आहे? चुकारा, कटती, फरदड, खेडा खरेदी. एकेका शब्दात एकेक लूट आहे. ज्वारीचा कडबा विकून बी-बियाणे आणणाऱ्या बाईचे गणित अजून कुठल्या ठेक्यावर बसलेले मी तरी ऐकले नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीत पुढाऱ्यांची भाषणे अर्ध्या तासाने कमी करा, माझेही त्यात धरा, आणि माईक गावच्या पोरापोरींना द्या. वऱ्हाडीत म्हणोत, मराठवाडीत म्हणोत. मुंबईच्या पत्रकाराला 'चुकारा' कळला नाही, तर विचारील तो अर्थ.