सिस्टर होणाऱ्या मुलींना संशोधन शिकवायचं, तर आधी मोजायला शिकवा

ठाणे : शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर कुणाची तब्येत जास्त बिघडली आणि "सिव्हिलला न्या" असं सांगितलं, की आपली गाडी ठाण्याला निघते. टेंभी नाक्याजवळच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जुन्या जागेवर ९०० खाटांचं नवं रुग्णालय उभारायचं काम हाती घेतलं आहे. पण त्या खाटेजवळ रात्रभर उभी राहणारी सिस्टर काय शिकून येणार, यावर फारसं कुणी बोलत नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन हा विषय आहे. जीएनएमला त्याची ओळख करून देतात, बीएस्सीला गटाने प्रकल्प करावा लागतो. पण व्याख्या पाठ केल्या, पेपर दिला, की विषय संपला, असं झालं तर उपयोग काय? पोहणं जसं पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, तसंच हे.

साधं उदाहरण घ्या. सर्पदंशाचा रुग्ण आला, की उपचार आधी. मग विद्यार्थिनीनं चार गोष्टी विचारून लिहायच्या : साप कधी चावला, आधी कुठं नेलं, गाडी मिळायला किती वेळ गेला, सापाच्या विषावरचं इंजेक्शन कधी मिळालं. नाव लिहायचं नाही, परवानगी मात्र घ्यायची. पावसाळाभर नोंदी ठेवल्या, की वेळ भगताकडं जातो, रस्त्यात जातो की दवाखान्यात, ते कळेल. मग रुग्णवाहिका मागताना गावाच्या हातात आकडे असतील.

हे आपल्याच राज्यात घडलं आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या, त्यातून उपचार सापडला आणि मृत्यू कमी झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची तपासणी, उपचार आणि नोंदी शिकवल्या. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगासमोर आलं. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, त्यामागं हेच काम आहे.

अडचण वेळेची आहे. वॉर्डात हात कमी पडले, की शिकणाऱ्या मुलीही कामाला जुंपल्या जातात. म्हणून आठवड्यातला अर्धा दिवस, प्रत्येक तुकडीला एकच प्रश्न आणि सोबत शिकवणारी मॅडम, एवढं तरी ठरवून द्यायला हवं. निघालेलं उत्तर फायलीत न ठेवता आरोग्य केंद्रात आणि ग्रामसभेत सांगावं.

आपलंही एक काम आहे. मुलगी वही घेऊन विचारायला आली, तर खरं सांगा. आधी भगताकडं गेलो होतो, हेही सांगा. तिनंही त्यावरून रागवायचं नाही. तुमच्या खऱ्या उत्तरामुळं पुढच्या वेळी शेजाऱ्याचं पोर वाचू शकतं.