पडदे कुठे बांधावेत?

मोताळ्याकडे एकतारी घरोघरी ओळखीची. तिला पडदे नसतात. पण विकतचे वाद्य परवडत नाही म्हणून पोरांचे शिकणे का थांबावे? पत्र्याचा डबा, लाकडी पट्टी, एक तार पुरे.

चुकते ते पडद्यांत. सारख्या अंतरावर बांधले की वाद्य बेसूर! मोकळी तार 60 सेंटिमीटर ठेवा, तो सा. डब्यावरच्या घोडीपासून मोजून 48 वर गंधार, 45 वर मध्यम, 40 वर पंचम, बरोबर निम्म्यावर, 30 वर, वरचा सा. तार पडद्यापासून फार उंच नको. दाबताना ताणून सूर चढतो.

पडदे खिळ्यांनी ठोकू नका, दोऱ्याने बांधा. मिरजेच्या सतारीचेही तसेच असतात, सरकवता येतात. ती सतार घडवली हत्यारे करणाऱ्या शिकलगारांनी. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. माप फूटपट्टीने घ्या, शेवटचा केसभर फरक मात्र कानाने काढा.