समुपदेशक नेमाल, काम कोणते द्याल?

विशाखापट्टणमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक. योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद असून त्यांत महाराष्ट्र आघाडीवर होता. तेव्हा या आदेशाचे स्वागतच व्हायला हवे. मात्र पद भरल्याने काम होतेच असे नाही.

सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांतही समुपदेशकाची अट आहे. अशी अट कागदावर पुरी करणे अवघड नसते. एखाद्या शिक्षिकेला अल्प मुदतीचे प्रशिक्षण देऊन जादा जबाबदारी सोपवली की रकाना भरतो. पण सकाळी गणिताचे गुण देणाऱ्या व्यक्तीपाशी दुपारी मूल मन कसे मोकळे करणार? पूर्णवेळ नेमणूक झाली, तरी गैरहजर शिक्षकाचा तास घेणे आणि दंगेखोर मुलांना ‘समज देणे’ ही कामे त्याच्याच गळ्यात पडण्याचा धोका असतो.

शालेय मानसशास्त्रज्ञाचे खरे काम याहून व्यापक आहे. वाचनात मागे पडणारे मूल आळशी आहे, त्याला अध्ययन अक्षमता आहे, त्याला नीट ऐकू येत नाही की घरची भाषा वेगळी असल्याने ते अडखळते, याचा उलगडा करणे, शिक्षकांना अध्यापनात बदल सुचवणे, पालकांशी बोलणे, गरज भासल्यास रुग्णालयाकडे पाठवणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. परंतु ती वेळीच ओळखणारा माणूस शाळेत नसेल, तर सवलती कागदावरच राहतात. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना पाचशे विद्यार्थ्यांमागे एक तज्ज्ञ असावा असे सांगते, ते कामाच्या या व्याप्तीमुळेच.

कळीचा प्रश्न गोपनीयतेचा आहे. मुलाने सांगितलेले मुख्याध्यापकांच्या दालनात पोहोचले, की ते मूल पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. अर्थात गोपनीयतेलाही मर्यादा असतात. जिवाला धोका असेल तर पालकांना कळवावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती ‘पॉक्सो’ कायद्याच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना देणे बंधनकारक आहे. या मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगणे, हा व्यावसायिक नीतीचा भाग होय.

म्हणूनच राज्य शासनाने नेमणुकांची आकडेवारी मागवून थांबू नये. समुपदेशकाची कर्तव्ये लेखी ठरवावीत, त्याला शिस्तीच्या आणि गुणदानाच्या कामातून वगळावे, स्वतंत्र खोली द्यावी आणि नोंदी कोण पाहू शकेल हे स्पष्ट करावे. मुलांचा विश्वास शासकीय आदेशाने मिळत नाही. तो टिकेल अशी व्यवस्था उभारणे मात्र शासनाच्याच हाती आहे.