एजंट नेमला, पण त्याला शिकवणार कोण?

विम्याचा एजंट आज मोहल्ल्यात, बाजारपेठेत, कचेरीच्या दारात कुठेही भेटतो. एकट्या भारतीय आयुर्विमा महामंडळाचेच सुमारे १४ लाख एजंट आहेत. परंतु या एजंटाच्या पाठीशी उभा राहणारा कंपनीचा माणूस आज कुठे आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते विमा व्यवसायातील निम्म्या तक्रारींचे मूळ याच प्रश्नात आहे.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. देशी-विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र आल्या व १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ सुरू झाले. या संस्थांसाठी गावोगाव फिरणारा पगारी वर्गही महामंडळात आला. त्यालाच पुढे फील्ड ऑफिसर व नंतर विकास अधिकारी म्हटले जाऊ लागले. विकास अधिकारी हा महामंडळाचा पगारी नोकर. त्याने स्वतःच्या नावावर विमा विकायचा नसतो. लायक माणूस हेरून त्याला एजंट करणे, शिकवणे आणि त्याच्याकडून काम करून घेणे हे त्याचे काम.

चांगला विकास अधिकारी हे काम मनापासून करीत असे. नव्या एजंटाबरोबर तो पहिल्या काही घरी स्वतः जाई. वयाचा दाखला कोणता चालतो, आजाराचा रकाना कसा भरायचा, वारसाचे नाव का विचारायचे, हे तो समोर बसून दाखवी. विमाधारक दगावला तर दाव्याची कागदपत्रे घेऊन एजंट त्याच्याकडेच धाव घेई. एजंट नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा माणूस, तर विकास अधिकारी शाखेचा माणूस. या दोघांच्या सांध्यावर सामान्य माणसाचा विश्वास टिकून होता.

तो काळ निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. विकास अधिकाऱ्यावर होणारा खर्च आणि त्याच्या एजंटांनी आणलेला पहिल्या वर्षाचा हप्ता यांचे प्रमाण पाहिले जाई. ते बिघडले की त्याच्या पगारावर गदा येई. त्यामुळे मार्च महिन्यात धावपळ उडे. कमिशनमधला वाटा ग्राहकाला देण्यास विमा कायद्याच्या कलम ४१ ची बंदी असूनही तो सर्रास दिला जाई. बायको-मुलांच्या नावाने एजन्सी चालवल्याच्या तक्रारीही होत. तरीही एक गोष्ट खरी. हा माणूस वर्षानुवर्षे त्याच परिसरात असे. पॉलिसी बुडाली तर जाब कोणाला विचारायचा, हे लोकांना ठाऊक होते.

दार उघडल्यावर

मल्होत्रा समितीने १९९४ साली खासगी कंपन्यांना दार उघडण्याची शिफारस केली. १९९९ साली नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० च्या अखेरीस खासगी कंपन्या बाजारात उतरल्या. स्पर्धा आली, नव्या योजना आल्या, याचे स्वागतच केले पाहिजे. नव्या एजंटासाठी १०० तासांच्या प्रशिक्षणाची सक्ती झाली, तीही योग्यच होती. परंतु पुढे ही अट ५० तासांवर आणली गेली आणि विकास अधिकाऱ्याच्या जागी सेल्स मॅनेजर आला.

या सेल्स मॅनेजरचे टार्गेट महिन्याचे असते. महिन्यात किती एजंट भरले आणि किती हप्ता आणला, यावर त्याची नोकरी टिकते. मग होते काय? बेरोजगार तरुणाला एजंट केले जाते आणि ओळखीच्या शंभर माणसांची यादी लिहून द्यायला सांगितले जाते. मामा, चुलते, मित्र यांच्या पॉलिसी झाल्या की यादी संपते, आणि त्याबरोबर एजंटही संपतो. तोवर सेल्स मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मागे उरतात विचारपूस करायला कोणी नसलेल्या पॉलिसी आणि नातेवाइकांत तोंड दाखवायची चोरी झालेला एक तरुण.

युलिप योजनांच्या वेळी हेच घडले. शेअर बाजाराशी बांधलेली योजना ‘तीन वर्षे भरा आणि विसरा’ म्हणून विकली गेली. २००८ साली बाजार कोसळला तेव्हा समजावून सांगायला कोणीच नव्हते. सप्टेंबर २०१० पासून प्राधिकरणाने या योजनांचे नियम कडक केले, पण पोळायचे ते आधीच पोळले होते.

आता तर प्रस्ताव मोबाइलवर भरला जातो. महामंडळानेही २०२० साली एजंटांसाठी ‘आनंदा’ ही सोय सुरू केली. कागद वाचला, वेळ वाचला. परंतु ग्राहकाचा मधुमेह लपवू नकोस, हे मोबाइल सांगत नाही. ते अनुभवी माणसानेच सांगावे लागते.

किंमत कोण मोजतो?

अर्जात चुकीची माहिती गेली आणि पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला, तर कलम ४५ नुसार कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते. अर्ज एजंटाने भरला होता, हे विधवेचे म्हणणे कोण ऐकणार? १९९७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असे प्रकरण आले होते, की विमाधारकाने हप्त्याचा धनादेश एजंटाच्या हाती दिला, एजंटाने भरणा उशिरा केला आणि दरम्यान विमाधारक अपघातात गेला. तेव्हाच्या नियमांनुसार एजंटाला हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता, म्हणून महामंडळ जबाबदार नाही, असा निकाल लागला. ही साधी गोष्ट त्या ग्राहकाला वेळीच कोणी सांगितली असती तर?

२०१५ च्या दुरुस्तीने कायदा बदलला. एजंटाच्या कृतीला व चुकीला आता कंपनी जबाबदार आहे आणि तिला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१६ पासून एजंट नेमण्याचा अधिकारही कंपनीकडेच आहे. नेमणूक तुमची, जबाबदारी तुमची, मग शिकवण्याचे काम टाळता कसे येईल?

आमची मागणी साधी आहे. अधिकाऱ्याची बढती नव्या हप्त्यावर न ठरवता त्याच्या एजंटांच्या किती पॉलिसी तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्यात चालू राहिल्या, यावर ठरवावी. हे आकडे कंपन्या ठेवतातच. नव्या एजंटाच्या पहिल्या दहा अर्जांच्या वेळी अधिकारी स्वतः हजर असावा. तो नोकरी सोडून गेला, तर त्याच्या जागी कोण आले हे ग्राहकाला पत्राने कळवावे.

एजन्सी घेऊ पाहणाऱ्या तरुणांनीही कमिशनचा आकडा विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘साहेब, पहिल्या दहा घरी तुम्ही माझ्यासोबत येणार का?’ उत्तर टाळाटाळीचे आले, तर ती एजन्सी घेऊ नये. आणि ग्राहकांनी भरलेला अर्ज पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. हप्ता आपण भरतो, पण चुकलेल्या अर्जाचा हिशेब आपल्या मागे राहिलेल्यांना द्यावा लागतो.