हवेची गन गळू लागली तर

फर्निचरच्या कामावर जाणाऱ्या आपल्या बांधवांकडे हवेवर चालणारी खिळ्यांची गन असते. ती सूं सूं करू लागली की दुकानदार नवी घ्या म्हणतो. त्याचा धंदाच तो. आमचे म्हणणे, आधी घरी उघडून पाहा. पुष्कळदा दोष फक्त रबरी ओ-रिंगचा निघतो.

प्रथम हवेची नळी काढा, मगच खिळे काढा. नळी जोडलेली असताना चुकून चाप दाबला गेला तर खिळा बोटातून आरपार जातो, आणि मजुराचे बोट म्हणजे घरची चूल. मुलांना जवळ बसवू नका.

गन रिकामी झाल्यावर पुन्हा हवा जोडून साबणाचे पाणी लावा. बुडबुडे चापाजवळ आले तर तिथल्या व्हॉल्व्हची रिंग गेली. वरच्या झाकणापाशी आले तर गॅस्केट किंवा आतली रिंग. खोलण्यापूर्वी नळी पुन्हा काढाच. रिंग रॉकेल-पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगते. जुनी रिंग दुकानात नेऊन त्याच मापाची आणा, सिलिकॉन ग्रीस लावून बसवा.

कॉम्प्रेसर नाही म्हणून कोणी ऑक्सिजनचे सिलिंडर जोडायला सांगेल. ऐकू नका, गनचा स्फोट होतो.